दुसरा हात बघा : गावात बसून महिलांचं जागतिक व्हॉलीबॉल पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

"भारत खेळतच नाही, तं पाहाचं काहून?"

सातबारा काढायला आलेल्या एका काकाजींनी मला हे विचारलं. सर्व्हर नेहमीसारखा अडकला होता, म्हणून मी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर जपानच्या मुलींचा सामना लावून बसले होते. दहा मिनिटांनी सातबारा निघाला, पैसे देऊन झाले, तरी काकाजी खुर्चीतच. एका रॅलीत चेंडू सहा-सात वेळा नेटवरून इकडून तिकडे गेला, तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घरून नातू बोलवायला आला तेव्हा उठले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात माझं सेतू केंद्र आहे. कॉलेजात मी व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी, म्हणून खेळायचे. आता गुडघा साथ देत नाही, म्हणून दरवर्षी गावातल्या पंधरा-वीस मुली जमवते आणि महिलांचे आंतरराष्ट्रीय सामने दाखवते. हे करताना बऱ्याच चुका झाल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. गावात सगळ्यांना जमवून बघणार असाल तरी चालेल, एकटीनं मोबाइलवर बघणार असाल तरी.

काकाजींचं म्हणणं खोटं नाही. आपला व्हॉलीबॉल संघ, पुरुषांचा असो की महिलांचा, ऑलिंपिकला आजवर कधी पोचलेला नाही. १९५२ साली मॉस्कोत महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात आठ संघ होते आणि एक भारत होता. आठवा आला. त्यामुळे हे सामने बघताना तिरंगा दिसेल ही आशा सोडा आणि खेळासाठी बघा. एक संघ मात्र आपला मानावा लागतो, नाहीतर दुसऱ्या सेटला डुलक्या लागतात. त्याचं पुढे सांगते.

आधी स्पर्धा कोणती ते ठरवा

दोन नावं लक्षात ठेवा. पहिली नेशन्स लीग. ती २०१८ पासून दरवर्षी होते, आधीच्या वर्ल्ड ग्रां प्रीच्या जागी आली. सामने साधारण जून-जुलैत. २०२५ पासून त्यात १८ संघ आहेत. तीन आठवडे सामने चालतात, दर आठवड्याला प्रत्येक संघ चार सामने खेळतो, म्हणजे एकूण १२. वरचे आठ पुढे जातात आणि तिथून हरला तो घरी. पहिल्या तिन्ही लीग अमेरिकेनं जिंकल्या (२०२० ची कोरोनात रद्द झाली), मग २०२२ ला इटली, २०२३ ला तुर्कस्तान, २०२४ आणि २०२५ ला पुन्हा इटली. तळाला राहणाऱ्यावर लीगमधून बाहेर पडायची टांगती तलवार असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली दक्षिण कोरिया चार वर्षांत २०२५ च्या लीगमध्ये अठरावी आली आणि बाहेर गेली.

दुसरी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. पूर्वी चार वर्षांनी व्हायची, आता दोन वर्षांनी होते आणि ३२ संघ असतात. २०२५ ची थायलंडमध्ये झाली, २०२७ ची अमेरिका आणि कॅनडात आहे.

नवख्यांनी लीगपासून सुरुवात करावी असं माझं मत. रोज बरेच सामने असतात, एक चुकला तर दुसरा. त्यातही तिसरा आठवडा धरा. पहिल्या आठवड्यात मोठे संघ आपल्या चांगल्या खेळाडूंना विश्रांती देतात, तिसऱ्यात आठात यायची मारामारी असते. अडचण एकच, हे दिवस आपल्या पेरणीचे. मृगाचा पाऊस पडला की अर्ध्या मुली आईबरोबर सरकी टोबायला वावरात. मी त्यांना दोष देत नाही, सामना दुसऱ्या दिवशी दाखवते.

जागतिक स्पर्धेचं मात्र २०२५ ला आपल्या पंचांगाशी छान जुळून आलं होतं. २२ ऑगस्टला सुरू झाली, त्या दिवशी पोळा. ७ सप्टेंबरला फायनल, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. डवरणी-निंदण आटोपलेलं, कापूस अजून फुटायचा, आणि गणपतीच्या मांडवासाठी आणलेला पडदा नि स्पीकर आयता. फायनलच्या रात्री चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध लागलेले, त्यामुळे मी केलेल्या मुरमुऱ्याच्या चिवड्याला एकाही मावशीनं हात लावला नाही. सगळ्या मुकाट बसून सामना बघत होत्या. इतकी शांत फायनल पुन्हा मिळायची नाही.

वेळ दोनदा तपासा, तारीख तीनदा

माझी सगळ्यात मोठी फजिती इथली. ब्राझीलमधला सामना होता, गुरुवार, रात्री नऊ. ब्राझील आपल्या साडेआठ तास मागे, म्हणून मी हिशोब केला साडेपाच, पहाटेचे. अगदी बरोबर. मुलींना सांगितलं, गुरुवारी पहाटे या. सतरा मुली अंधारात टॉर्च घेऊन आल्या, दोघींचे वडील सोबत आले. पडदा लावला, स्क्रीनवर काहीच नाही. त्यांचा गुरुवार रात्री नऊला असतो तेव्हा आपल्याकडे शुक्रवार उजाडत असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक वडील म्हणाले, "ताई, आलोच हाओ तं दूध काढून येतो," आणि गेले. शुक्रवारी पाच मुली आल्या.

तेव्हा हे पाठ करा. थायलंड आपल्या दीड तास पुढे, चीन अडीच, जपान साडेतीन. तुर्कस्तान अडीच तास मागे. इटली आणि पोलंड त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. म्हणजे जपानमधला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला आणि पोलंडमधला रात्री आठचा आपल्याकडे साडेअकराला. अमेरिका खंडातला रात्रीचा कोणताही सामना आपल्याकडे दुसऱ्या तारखेच्या पहाटे किंवा सकाळी. वेळापत्रकाच्या पानावर 'स्थानिक वेळ' आणि 'माझी वेळ' अशी निवड असते. 'माझी वेळ' दाबा आणि तरी बोटं मोजा.

रात्री साडेअकराचा सामना गावात एकत्र बसून बघायच्या फंदात पडू नका. मुलींना घरी पोचवायचं कोण, हा प्रश्न सामन्यापेक्षा मोठा आहे. मी असे सामने दुसऱ्या संध्याकाळी दाखवते. मग पथ्य एकच, निकाल कोणी बघायचा नाही. हे पाळणं भारी अवघड. आमच्याकडे एक भाऊ आहेत, पानठेल्यावर बसून सगळ्या जगाच्या बातम्या मोबाइलवर वाचतात आणि दारात येऊन निकाल सांगून जातात. सध्या सामन्याच्या दिवशी त्यांना आम्ही आत बसवतो, पहिल्या रांगेत, मोबाइल माझ्या गल्ल्यात.

पडदा, वीज, डेटा

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्यवसायाचं काम बघणाऱ्या व्हॉलीबॉल वर्ल्डचं व्हीबीटीव्ही नावाचं ॲप आहे, त्यावर सामने पैसे भरून दिसतात. त्यांच्याच यूट्यूब चॅनेलवर सामन्यांचे मुख्य तुकडे फुकट असतात. नवख्यांनी आधी चार-पाच सामन्यांचे तुकडे बघावेत आणि आवडलं तरच पैसे भरावेत. सगळ्यांना जमवून दाखवाल तेव्हा तिकीट लावू नका, वर्गणीही नको. फुकट दाखवलं की भांडणं होत नाहीत.

प्रोजेक्टर शाळेकडून मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर बत्तीस इंचाचा टीव्ही वीस जणींना पुरतो, पुढच्या खाली सतरंजीवर आणि मागच्या बाकांवर. पडद्याला इस्त्रीची पांढरी चादर चालते, पण चारी कोपरे ताणून बांधा. चादर हलली की नेट हलतं आणि चेंडू लागला की नाही यावरून आत भांडण सुरू होतं.

सामना दीड ते अडीच तास चालतो. चित्र ७२० वर ठेवलं तर सहज दोन-तीन जीबी डेटा जातो. त्या दिवशी सकाळपासून रील्स बंद, हे मी मुलींना सांगते आणि स्वतःही पाळते. एक जादा सिम जवळ असू द्या. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त टीव्ही आणि राउटर ठेवा, पंखा नको. आभाळ गडगडायला लागलं की पाचवा सेट असो नाहीतर शेवटचा पॉइंट, पिन काढा. मी एकदा 'हा पॉइंट होऊ दे' म्हणून थांबले आणि राउटर जळाला.

शूटिंग खेळलेल्या माणसांना आधी समजावून घ्या

आपल्याकडे बऱ्याच गावांत शूटिंग व्हॉलीबॉल जास्त चालायचं. दोन्ही हातांनी चेंडू थेट पलीकडे ठोकायचा, ज्याच्या मनगटात जोर तो राजा. त्या पिढीचे लोक पासिंग व्हॉलीबॉल बघायला बसले की पहिली दहा मिनिटं वैतागतात. "मारत काहून नाही थ्या? आपसातच काय देऊन रायल्या?" त्यांना एवढंच सांगा की इथे एका बाजूला तीन हात मिळतात, म्हणजे चेंडूला तीनदा हात लावता येतो, आणि तिसरा मारायचा असतो. ब्लॉकला, म्हणजे नेटपाशी उडी घेऊन फटका अडवणाऱ्या हातांना, चेंडू लागला तर तो हात मोजत नाहीत, त्यानंतर पुन्हा तीन मिळतात. एकाच खेळाडूनं लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही, ब्लॉक केल्यानंतरचा हात तेवढा चालतो.

मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. मध्ये नेट, नेटपासून तीन मीटरवर एक रेघ. बाजूला सहा जणी. आपली सर्व्हिस नसताना पॉइंट मिळवला की सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सहाही जणी घड्याळाच्या दिशेनं एक-एक जागा सरकतात. मागच्या रांगेतली खेळाडू मारू शकते, पण उडी त्या तीन मीटरच्या रेघेमागून घ्यायची. सर्व्हिस नेटला घासून पलीकडे पडली तरी खेळ चालू. पाय लागला तरी चालतो, हे ऐकून दरवेळी कोणीतरी चकित होतं.

दोन्ही संघांत एकीचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतो. आमच्या सातवीतल्या एका मुलीनं पूर्ण सेट गप्प बसून बघितलं आणि मग हळूच विचारलं, "ताई, थे पिवळी पोरगी दुसऱ्या टीमची हाये, तं इकडं काहून उभी हाये?" ती लिबेरो. १९९८ पासून हा प्रकार आला. ती फक्त मागच्या रांगेत खेळते, सर्व्हिस करत नाही, ब्लॉक करत नाही, नेटच्या उंचीवरचा चेंडू मारत नाही. ती कितीही वेळा आत-बाहेर करो, बदलीत मोजत नाहीत, म्हणून पंचाला सारखं सारखं ओळखू यावं यासाठी वेगळा शर्ट. उंची कमी असलेल्या मुलींना ही जागा दाखवा. इटलीच्या मोनिका दे जेन्नारोची उंची १ मीटर ७४ सेंटीमीटर, त्या उंच मुलींत ती धाकटी बहीण वाटायची. पण तिच्याकडे गेलेला चेंडू जमिनीवर पडताना फार थोड्यांनी बघितला असेल.

गुणांचा हिशोब कबड्डीसारखा नाही, इथे गाडी बहुतेकांची अडते. सेट २५ चा, दोनच्या फरकानं. २४-२४ झाले तर फरक पडेपर्यंत चालू. तीन सेट जिंकले की सामना. दोन-दोन झाले तर पाचवा १५ चा, त्यात आठ झाले की बाजू बदलतात. आता २०२५ ची जागतिक फायनल बघा. इटलीनं तुर्कस्तानला ३-२ हरवलं. सेट होते २५-२३, १३-२५, २६-२४, १९-२५, १५-८. ग्रहणाच्या वेधात बसलेल्या आमच्या एका मावशीनं हे सगळे आकडे वहीच्या पानावर लिहून बेरीज केली. इटली ९८, तुर्कस्तान १०५. "सात जास्त केले, तरी हरल्या?" हो, हरल्या. एक सेट १२ नं जिंका की दोननं, मोल सारखंच. ते मावशींना पटलं नाही, त्या तुर्कस्तानच्या बाजूनं रागावूनच घरी गेल्या.

आता मुख्य गोष्ट : दुसरा हात

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो. नवखा माणूसही चेंडूमागे पळतो आणि त्याला फक्त शेवटचा फटका दिसतो. फटका हा रॅलीचा निकाल असतो, रॅली आधीच ठरलेली असते. ती ठरवते दुसरा हात लावणारी, म्हणजे लिफ्टर. स्क्रीनवर तिला 'सेटर' म्हणतात.

मी मुलींना पहिल्या सेटला फटके बघूच देत नाही. पहिल्या सेटचं काम एकच. सर्व्हिस आली, पहिला हात लागला, की चेंडू नेटजवळ गेला का लांब पडला, ते मोठ्यानं सांगायचं. "जवळ!" "लांब!" पंधरा-वीस पोरी एका सुरात ओरडतात, बाहेरून जाणाऱ्याला वाटतं पाढे चाललेत. पाच-सात मिनिटांत त्यांना आपोआप कळतं की "जवळ" ओरडलं की बहुतेक पॉइंट मिळतो आणि "लांब" ओरडलं की बहुतेक अडतो.

का, ते असं. चेंडू नेटजवळ, मध्याच्या थोडा उजवीकडे लिफ्टरच्या हातात आला, की तिच्यापुढे तीन-चार वाटा असतात. मधल्या खेळाडूला झटपट छोटी लिफ्ट, डाव्या कडेला लांब लिफ्ट, पाठीमागे उजवीकडे, नाहीतर मागच्या रांगेतून उडी घेणारीला. पलीकडे ब्लॉकला तिघी. त्यांना चारही वाटा राखता येत नाहीत. लिफ्टरनं शेवटच्या क्षणापर्यंत हात झाकून ठेवला, तर मारणारीसमोर एकच ब्लॉकर येते, कधी एकही नाही. आणि पहिला हात चुकून चेंडू नेटपासून चार मीटरवर गेला, की मधली झटपट लिफ्ट बाद. उरते कडेची उंच लिफ्ट. ती हवेत असतानाच पलीकडच्या दोघी-तिघी तिथे जाऊन उभ्या राहतात. मग तुर्कस्तानची व्हार्गस असो की इटलीची एगोनू, कितीही जोरात मारणारी असली तरी भिंतीवर मारल्यासारखं होतं.

म्हणून सर्व्हिस एवढ्या जोरात करतात. सगळ्यांना वाटतं सर्व्हिसवर थेट पॉइंट मिळवायचा असतो. मिळाला तर आनंदच, पण खरं काम पलीकडचा पहिला हात बिघडवायचं.

दुसऱ्या सेटला फक्त लिफ्टर बघायची. तिचा शर्ट नंबर आधी शोधा, लिबेरोसारखा वेगळा रंग नसतो. ती पुढच्या रांगेत असेल तर नेटवर मारणाऱ्या दोनच उरतात, मागच्या रांगेत असेल तर तिघी. एखाद्या संघाचे सलग पाच-सहा पॉइंट गेले, की लगेच बघा ती कुठे उभी आहे. बऱ्याचदा पुढेच असते, आणि तिला मागे न्यायला लागणारा एक पॉइंट काही केल्या मिळत नसतो. समालोचक त्याला 'रोटेशनमध्ये अडकणं' म्हणतात. आमच्या पोरी म्हणतात, "गाडी रुतली."

गेल्या खेपेला नववीतली एक मुलगी, घरच्या शेळ्या राखते, सामन्यातही तिचं लक्ष कमी असतं, अचानक म्हणाली, "आता मांगं देते." लिफ्टरनं पाठ न वळवता चेंडू डोक्यावरून मागे दिला. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "पाय आधीच समोर टाकला ना तिनं. ढकलाचं असल तं मानूस मांगं रेटते." मी इतकी वर्षं लिफ्टिंग केली, पण लिफ्टरचा पाय बघायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. मोठ्या लिफ्टर हेही लपवतात, म्हणून रोज जमत नाही. पण चारातला एक अंदाज खरा ठरला की पुढचे दोन तास ती मुलगी जागची हलत नाही.

त्या २०२५ च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू कोण ठरली? इटलीची लिफ्टर, आलेस्सिया ओर्रो. समाजमंदिरात सगळी संध्याकाळ सगळ्यांचे डोळे एगोनूवर होते, ओर्रोचं नाव मी आणि ती शेळ्यावाली सोडून कोणी घेतलं नव्हतं.

तिसऱ्या सेटला काय बघायचं ते तुम्हीच ठरवा. मला पलीकडच्या मधल्या ब्लॉकरचे डोळे बघायला आवडतात.

चॅलेंज आलं की चहा नको

पंचाचा निर्णय पटला नाही तर संघ व्हिडिओ तपासणी मागतो. चेंडू आत की बाहेर, ब्लॉकला बोट लागलं की नाही, नेटला हात लागला का. दावा खरा ठरला तर संधी तशीच राहते, खोटा ठरला तर एक कमी होते. एका सेटात दोन दावे खोटे ठरले की संपलं. नवखे लोक या वेळेत उठून जातात. उलट तेव्हाच बसा, कारण स्क्रीनवर तो एकच क्षण अगदी हळू दाखवतात. मारणारीनं चेंडू मुद्दाम ब्लॉकरच्या बोटाच्या टोकाला घासून बाहेर घालवलेला दिसतो. पूर्ण वेगात तो बाहेर मारलेला फटका वाटतो आणि घरातले सगळे हळहळतात.

पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, लाल म्हणजे पलीकडच्यांना एक पॉइंट. फार कमी दिसतात.

गुणतक्त्यात एक मेख आहे. ३-० किंवा ३-१ नं जिंकलं तर तीन गुण, ३-२ नं जिंकलं तर दोन, आणि तसं हरणाऱ्याला एक. पण क्रम लावताना आधी किती सामने जिंकले ते बघतात, गुण नंतर. त्यामुळे जास्त गुणांचा संघ खाली दिसला तर छापणाऱ्याची चूक समजू नका.

संघ कोणता धरायचा

ज्याला जो भावेल तो. तुर्कस्तानची व्हार्गस मूळची क्युबाची, तिचा फटका बघायला आमच्याकडची पोरं येऊन बसतात, पोरी नव्हे. ब्राझीलची गाबी १ मीटर ८० सेंटीमीटर, म्हणजे या खेळात मध्यम उंचीची, पण डोकं तल्लख. तरी आपल्या मुलींना मी जपानपासून सुरुवात करायला सांगते. उंची कमी, म्हणून त्यांचा सगळा भर चेंडू उचलण्यावर आणि वेगावर. त्यांच्या रॅली लांबतात, आणि नवख्याला खेळ कळतो तो लांब रॅलीत.

जपानचं आणखी एक आहे, कापसाच्या मुलखात सांगण्यासारखं. व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९६४ ला, टोकियोत. महिलांचं सुवर्ण जपाननं जिंकलं, शेवटच्या सामन्यात सोव्हिएत संघाला ३-० हरवून. त्या संघातल्या बहुतेक मुली निचिबो नावाच्या कापड कंपनीच्या काइझुका इथल्या सूतगिरणीत कामाला होत्या. दिवसा काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाईमात्सू यांनी त्यांना पडता पडता चेंडू उचलून, अंगाची गुंडाळी करून लगेच उभं राहायला शिकवलं. आज प्रत्येक संघ ते करतो. मी हे सांगितलं की वेचणीला जाणाऱ्या मुली माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. एकीनं विचारलं, "त्यायले मजुरी भेटे का सरावाची?" याचं उत्तर मला देता आलं नाही. प्रशिक्षकही भारी कडक होता. ती बाजूही सांगते, गोड करून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी नेट बांधा

सामना बघितल्यावर दुसऱ्या दिवशी हात शिवशिवतात, तेव्हा मैदान तयार हवं. अठरा मीटर म्हणजे ५९ फूट, नऊ म्हणजे साडेएकोणतीस. दोरी मोजून घ्या, चुन्यानं रेघ मारा, तीन मीटरची रेघ विसरू नका, ती दहा फुटांपेक्षा दोन बोटं कमी. काळ्या मातीत पावसानंतर चार दिवस खेळू नका, पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. मुरमाड जागा असेल तर खडे वेचून घ्या. पडून चेंडू उचलायला शिकवायचं तर जुनी ताडपत्री आणि खाली तुरीच्या कुटाराची पोती.

चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा असतो. बाजारात मिळणारे स्वस्त चेंडू जड आणि कडक निघतात, नवख्या मुलींचे हात लाल होतात आणि तिसऱ्या दिवशी त्या येत नाहीत. किराण्याच्या काट्यावर वजन करून घ्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

आणि नेटची उंची. पुरुषांचं नेट २ मीटर ४३ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट. महिलांचं २ मीटर २४, म्हणजे सात फूट चार इंच. गावातलं नेट बहुतेक पोरांनी बांधलेलं असतं आणि मुलींना त्याच नेटवर खेळायला लावतात. मग मुलींना मारताच येत नाही आणि सगळे म्हणतात पोरींना जमत नाही. आमच्या शाळेच्या मैदानावरच्या खांबांना मी सात फूट चार इंचावर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळला आहे, आणि सहावी-सातवीच्या मुलींसाठी त्याच्याही खाली हिरवा. संध्याकाळी पाच ते साडेसहा नेट लाल टेपवर किंवा हिरव्यावर. नंतर पोरांनी वर न्यावं, आणि सकाळी शाळा भरायच्या आधी खाली आणून ठेवावं. हे शेवटचं अजून त्यांच्याकडून होत नाही.